धोतऱ्याचं आचमन

काकांना विष पाजण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. मला फक्त शेजारची मांजर हवी होती.

मी तेव्हा मुंबईला डाक्तरी शिकत होतो आणि सुटीत ठाण्याला काकांकडे आलो होतो. धोतऱ्याच्या अर्कानं मज्जातंतूंवर काय परिणाम होतो, डोळ्याची बाहुली कशी मोठी होते, हे मांजरीच्या डोळ्यात थेंब टाकून पाहायचं ठरवलं. थेंब टाकायला पूजेच्या पळीइतकं सोयीचं घरात काही नव्हतं, म्हणून अर्क ओतला तो देवापुढच्या पंचपात्रात. (डाक्तरी शिकणाऱ्याला एवढीच अक्कल असते!) मांजर मला बोचकारून पळाली आणि मी तिच्यामागे पार तळ्यापर्यंत धावलो.

परत येतो तो काका संध्येला बसलेले. तेच पंचपात्र, तीच पळी, आणि तिसरं आचमन नुकतंच घशाखाली उतरलेलं!

मी ओरडलो, "काका, थुंका! थुंका आधी!"

संध्येत काका बोलत नसत. त्यांनी नुसते डोळे वटारले. डोळे मोठे! तोंड लालबुंद! पुस्तकातली लक्षणं एकेक करून माझ्यापुढे पाटावर बसली होती. वडिलांच्या मागे मला याच माणसानं वाढवलं होतं. मी रडतरडत मिठाच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

"गाढवा!" काका गरजले. "संध्या मोडलीस माझी! वेड लागलं का तुला? डाक्तरी शिकतोयस की दरोडेखोरी?"

"अरे देवा, बडबड सुरू झाली!" मी किंचाळलो आणि अनवाणीच वैद्यबुवांकडे पळालो.

वैद्यबुवांना ओढत घरी आणेपर्यंत माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. "धोतरा... पोटात... गेलाय..." एवढंच कसंबसं निघालं. वैद्यबुवांनी पाहिलं. काका पाटावर ताठ. मी मात्र थरथरतोय, छाती धडधडतेय, डोळे विस्फारलेत. त्यांनी माझीच नाडी धरली.

"धरा हो याला! यानंच खाल्लाय!"

काकांनी धरलं (भलत्याच उत्साहानं!) आणि अख्खा तांब्या माझ्या घशात रिकामा झाला.

तेवढ्यात काकू विहिरीवरून आली. "अगं बाई! काय झालं याला?"

"पंचपात्रातला... धोतरा..."

"तो हिरवा रस होय? तो मी केव्हाच उकिरड्यावर ओतला. पंचपात्र चिंचेनं घासून ताजं पाणी भरून ठेवलं, रोजच्यासारखं."

मी अंगणात ओकत होतो आणि काका वाचले म्हणून हुंदके देत होतो. काका शांतपणे म्हणाले, "काय डाक्तर, कळला का अर्काचा परिणाम?"

कळला होता. थेंबही पोटात न जाता सगळी लक्षणं दाखवणारा अर्क सबंध मुंबई इलाख्यात मीच पहिल्यांदा काढला होता!