कावळा लगेच शिवला होता

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं सरतोय न सरतोय तोच त्यानं भातात चोच घातली. काका म्हणाले, "चला, भाऊचं काही राह्यलं न्हाई." टेंभुर्णीला घरी येऊन त्यांनी हेच आईला सांगितलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

माझी एक वही आहे, ती कुणीही वाचत नाही. तिच्यात मी लिहिलं, 'कावळा लगेच शिवला. बरं वाटलं.' गोष्ट तिथंच संपली होती. पण माझा ब्लॉगही आहे, आणि त्याच्या वाचकांचं एवढ्यानं काय होणार? त्यांच्यासाठी मी कावळ्याला तासभर लिंबावर बसवून ठेवलं. काकांना हात जोडायला लावले. शेवटी मी पुढं होऊन 'आईला अंतर देणार नाही' असा शब्द दिला, तेव्हा कुठं तो खाली उतरला! लिहिताना मला हुंदकासुद्धा आला, स्वतःच्याच थापेवर. कसला लेखक नि कसलं काय. आठवलं तरी किळस येते.

दिवसभर प्रतिक्रिया येत होत्या. 'डोळे पाणावले, सर.' जेवताना उष्ट्या हातानं मी त्या वाचत होतो.

हसनाबादच्या मावशीनं तो लेख फोनवरून आईला वाचून दाखवला. संध्याकाळी आई उंबऱ्यात बसली होती.

"त्यायचा जीव माझ्यापायी अडकल्ता. मला कोनी सांगितलं न्हाई."

"आई, खोटं हाय ते. म्याच रचलं."

"बापाच्या पिंडावर कोनी खोटं लिव्हतं का?"

मी वही आणून तिला वाचून दाखवली. "ह्ये तू माझी समजूत काढायला आत्ता लिव्हलं," ती म्हणाली. काकांनी शपथ घेतली, तर तिला वाटलं, आम्ही दोघं संगनमत करून राह्यलोय.

लेख मी काढून टाकला. लगेच नाही, दोन दिवसांनी. का थांबलो ते मला चांगलं ठाऊक आहे. स्वतःची शिसारी येते ती त्या दोन दिवसांमुळंच.

तेव्हापासून आई माझ्याकडं काही मागत नाही. परवा तिची बीपीच्या गोळ्यांची डबी रिकामी दिसली. सांगितलं का नाही, असं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यायला अडकवून ठेवलं तेवढं बस झालं. आता तुला कशाला?"