लेडीजच्या दाराशी गयाबाई

चित्रपट संपायला दहा मिनिटं उरली की गयाबाई उठायच्या आणि घराचं दार उघडायच्या. घर त्यांचं स्वतःचं, मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. चित्रपट स्टुलावर ठेवलेल्या फोनवर चाललेला. बाहेर पडणारं कोणीही नसायचं. तरी त्या कडी काढायच्या, दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडायच्या आणि फोनकडे पाठ करून उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. शेवट त्यांनी कधी पाहिला नाही. एकाही चित्रपटाचा.

सत्तावीस वर्षं त्या शहरातल्या एका टॉकीजमध्ये लेडीजच्या दारावर डोअरकीपर होत्या. ती टॉकीज आता नाही, तिथे गाड्या लावतात. खेळ सुटायच्या दहा मिनिटं आधी वरच्या खोलीतून ऑपरेटर घंटी मारायचा. घंटी झाली की गयाबाईंनी बाहेर जाऊन दार उघडायचं, पायऱ्यांवर बसलेल्यांना उठवायचं, पुढच्या खेळाच्या बायांची रांग भिंतीला सरकवायची. नोकरी लागली तीच आवाजावर. "मॅनेजर म्हणला, बाई, एकदा 'सरका' म्हणून दाखव. मी म्हणले. तोच दोन पावलं मागं सरकला."

आमची ओळख मात्र फोनवरची. जुने काळे-पांढरे चित्रपट पाहणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. साठेक माणसं, बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दर सोमवारी एक चित्रपट ठरतो, आठवडाभरात ज्याने त्याने आपापल्या घरी पाहायचा आणि रविवारी बोलायचं. यादी माझ्याकडे. दिवसा मी चितेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. तिथे हातमोज्यांपासून बेअरिंगपर्यंत सगळं यादीत असतं, आणि ती सवय घरी येताना बसमध्ये उतरवून ठेवता येत नाही. ग्रुपच्या यादीत रकाने पाच: नाव, साल, प्रत कोणाकडे, कोणी पाहिला, तारे किती.

एका रविवारी या शिस्तीत एक अनोळखी आवाज आला.

"नमस्कार मंडळी. मी गया. डोअरकीपर. मला लिहायला जमत नाय, म्हणून बोलते. तुम्ही सगळे पिक्चरबद्दल लई शहाणपणाचं लिहू लागले. पण कुणाचं तोंड दिसंना. पिक्चर सुटल्या सुटल्या आपलं तोंड पाठवत जा. धुवू नका."

लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. कराडच्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी मात्र खरंच फोटो पाठवला. चष्मा कपाळावर, नाक लाल. गयाबाईंचा आवाज लगेच आला, "मास्तर, तुम्हाला तुमच्या आईचं कायतरी आठवलं का? पिक्चरमधल्या नाय, तुमच्या." मास्तर दोन दिवस ग्रुपवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकच शब्द लिहिला, "होय." त्यानंतर दर रविवारी तोंडं येऊ लागली. सुजलेली, हसरी, कंटाळलेली, एका बाईंच्या गालावर उशीची घडी उमटलेली. गयाबाई एकेक बघायच्या आणि चित्रपटाचा शेवट काय झाला असेल ते सांगायच्या. दहातले आठ शेवट बरोबर असायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी शेवट असेच पाहिले होते, दारातून बाहेर येणाऱ्या बायांच्या तोंडावर.

"पडदा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. "बाहेर पडणारी बाई नाय बोलत. तिला अजून काय सुचलेलंच नसतं. चप्पल सापडली की मग सुचतं."

मी तोंड पाठवलं नाही. मी यादीत "पाहिला" लिहायचे आणि तारे द्यायचे. दीड महिन्याने त्यांचा फोन आला.

"ताई, तुमचं तोंड कधी आलं नाय."

"मी फोटो पाठवत नाही कोणाला."

"बरं. मग एवढंच सांगा. परवाचा पिक्चर संपला तवा तुमच्या हातात काय होतं?"

"डबा," मी म्हणाले. कंपनीच्या बसमध्ये होते, मांडीवर डबा होता.

"मग तुम्ही शेवट बघितला नाय. शेवट बघितलेल्या बाईला हातात काय हाय ते सांगता येत नसतं. कितीजणी छत्री माझ्या हातात देऊन गेल्यात, मला त्यांची पोरगी समजून."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी चित्रपट बसमध्ये पाहायचे, दीडपट वेगाने. शेवटची दहा मिनिटं उरली की चितेगावचं गेट यायचं. राहिलेलं येताना पाहू म्हणायचं, आणि येताना पुढचा चित्रपट सुरू व्हायचा, कारण यादी मागे पडलेली असायची. शंभराच्या वर चित्रपटांपुढे मी "पाहिला" लिहिलं होतं. त्या फोनवर हसल्या. "जाऊ द्या. तुम्ही बी शेवट न बघणाऱ्या, मी बी. या एकदा घरी. मुकुंदवाडी काय लांब नाय तुम्हाला."

सिडकोतल्या माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. मग रविवारी दुपारी जाणं सुरू झालं. घरात बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल, आणि खिळ्याला अडकवलेली टॉकीजची जुनी बॅटरी, जी त्या अजून पुसून ठेवत. चहा सुनंदा करायची. सुनंदा पन्नाशीची, अंगणवाडीत मदतनीस, मोजकं बोलणारी. ती गयाबाईंना "मावशी" म्हणायची, म्हणून मी तिला भाचीच समजत होते. ती आमच्याबरोबर चित्रपटाला बसत नसे. भाजी घेऊन आतल्या खोलीत जायची.

गयाबाईंचं एकच देणं राहिलं होतं, असं त्या म्हणायच्या. एक पिक्चर. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही शेवट शोधून काढाल. गोष्ट अशी: शिवणकाम करणारी एक बाई धाकट्या बहिणीची मुलगी आपली म्हणून वाढवते. वीस वर्षांनी खरी आई परत येते, "चल" म्हणते. टांगा दारात उभा आहे, मुलगी उंबऱ्यावर आहे, आणि इथे घंटी वाजायची.

"सहा आठवडे चालला," गयाबाई सांगायच्या. "बाकी पिक्चरला कसं, सगळ्यांची तोंडं एकसारखी. रडका तर रडका. पण ह्याला काही मेळच लागंना. एक रडत यायची, तिच्या मागची हसत यायची. एक बाई तर उठेचना, मी खांद्याला हात लावला तर म्हणे, अजून संपला नाय ना. आता ती पोरगी टांग्यात बसली का नाय, हे मला तोंडावरनं कधीच कळलं नाय."

"कोणाला विचारलं नाहीत?"

"डोअरकीपरनं शेवट विचारायचा नसतो, सांगायचा बी नसतो. रांगेतल्या बायांच्या कानावर जातो."

मी कामाला लागले. ग्रुपवर विचारलं, आणि तीन आठवड्यांनी कराडच्या मास्तरांकडे प्रत निघाली. मी आनंदाने ती फोनवर घेऊन गेले. "घ्या मावशी, आज शेवट बघूनच टाकू." गयाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मी नाय बघणार. तुम्ही बघा. मी तुमच्या तोंडाकडं बघते. आणि सुनंदालाबी बसवा."

"ती कुठे बसते?"

"तुम्ही म्हणा. ग्रुपचं काम हाय म्हणा. माझ्यानं म्हणवत नाय." मग ताटातला एक खडा काढून त्या म्हणाल्या, "ती माझी पोरगी हाय, ताई. चार वर्षांची होती तवा कन्नड गावात थोरल्या बहिणीकडं ठेवली. नवरा गेलेला, रोजचे तीन खेळ, पोर कुठं ठेवणार? थोरलीनं आईवाणी वाढवली. तिलाच आई म्हणायची. मी न्यायला गेले एकदा, ती दहावीत होती तवा. जीप घेऊन गेले होते. नाय आली. आता थोरली गेली, म्हणून हितं हाय." परत तांदूळ निवडू लागल्या. 

इतकं सगळं एका दमात कळलेल्या माणसाने त्याच दिवशी चित्रपट लावायला हवा होता. मी लावला नाही. आमचं वर्षाचं स्टॉक मोजणं आलं होतं. माझ्या वहीत नोंद केली: "गयाबाई, चित्रपट, सुनंदासह. स्टॉकनंतर." एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला कंपनीत तपासणी निघाली. चौथ्या रविवारआधी सुनंदाचा फोन आला. "ताई, मावशीच्या पायावर लई सूज आली. डॉक्टर म्हणले, हृदय थकलंय. ती विचारू लागली, बाई खेळाला कधी येणार?"

मी अर्धी रजा टाकून गेले. खाट दारासमोर सरकवून घेतलेली होती. गयाबाई उशांना टेकून, तोंड दाराकडे, फोनकडे पाठ. मला समोर बसवलं. मी सुनंदाला म्हणाले, "बस गं, ग्रुपला दोघींची मतं हवी आहेत." ती मेथीची जुडी घेऊन माझ्या मागे चटईवर बसली.

मी चित्रपट नेहमीच्या वेगाने लावला. मला तो फार संथ वाटला, आणि मग वाटेनासा झाला. मधे एकदा गयाबाई म्हणाल्या, "इंटरव्हल," आणि आम्ही खरंच पाच मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो. टांगा दारात आला. गयाबाईंनी उठायला हात टेकला, पण उठवेना. "सुनंदा," त्या म्हणाल्या, "दार उघड बाई. सुटायची वेळ झाली."

सुनंदाने उठून कडी काढली, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या. बाहेरचं पाच वाजताचं ऊन थेट आत आलं. ती परत बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहून, वळून, उरलेला चित्रपट तिथूनच पाहू लागली.

मी शेवट पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चित्रपट अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिला, आणि मग मला गयाबाई आठवल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्याच. माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत होत्या.

"सुनंदा, हातात काय हाय गं तुझ्या?"

"कुठं काय, मावशी? काय नाय."

मी वळले तेव्हा तिने पदराने तोंड पुसून घेतलं होतं. हातात मेथीची अर्धी जुडी होती, मुठीत चुरगळून तिचा हिरवा रस मनगटापर्यंत आलेला. गयाबाई हसल्या. "हां," म्हणाल्या आणि डोळे मिटून उशीवर मागे टेकल्या. मी विचारलं, "कळला का शेवट?" डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "कळला. पण सांगायचा नसतो."

अठरा दिवसांनी, सकाळी बसमध्ये होते तेव्हा, गयाबाईंच्या फोनवरून ग्रुपवर आवाज आला. पण तो त्यांचा नव्हता. "मंडळी, मी सुनंदा. आई गेली." क्षणभर मला वाटलं, कन्नडची. मग लक्षात आलं, कन्नडची तर जाऊन चार वर्षं झाली. मी तो आवाज पुन्हा ऐकला. गेट आलं, सगळे उतरले, ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं.

त्या दिवशी ग्रुपवर कोणी फार लिहिलं नाही. आधी मास्तरांनी आपलं तोंड पाठवलं. मग एकेक करत सगळ्यांनी. संध्याकाळपर्यंत पन्नासच्या वर तोंडं झाली होती, न धुतलेली. मीही पाठवलं. ते वाचून सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

गयाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन माणसं पांगल्यावर सुनंदा माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

"ताई, त्या दिवशी मी दारात उभी होते तवा माझ्या तोंडावर काय होतं?"

दोरा तुटून तिच्या हातात आला.

"मला तर आठवत नाय मी काय केलं. रडले का हसले, कायबी आठवत नाय. आई इतकी हसली, म्हणजे कायतरी बघितलं असंल ना तिनं? तुम्ही तर तिथंच होतात."

"नाही गं," मी म्हणाले. "मी पिक्चर बघत होते."

गयाबाईंना जाऊन आता सात महिने झाले. सोमवारचा चित्रपट ठरतो, यादी चालू आहे. ताऱ्यांचा रकाना मी काढून टाकला. शंभरावर नावांपुढचं "पाहिला" खोडून ते चित्रपट पुन्हा लावायला घेतले आहेत, रविवारी, मुकुंदवाडीत, साध्या वेगाने. मला चित्रपटापेक्षा त्यानंतर येणाऱ्या गयाबाईंच्या आवाजाची वाट पाहायची सवय लागली होती, आणि ती सवय जात नाही. कुठलाही चित्रपट संपला की हात फोनकडे जातो.

सुनंदा आता चटईवर बसते, भाजी न घेता. दहा मिनिटं उरली की मी काही बोलत नाही, तीच उठते, कडी काढते आणि उंबऱ्याशी उभी राहून उरलेला चित्रपट पाहते. मी तेव्हा फोनकडे पाठ आणि तिच्याकडे तोंड करून बसते.

"ताई, पिक्चर तिकडं हाय," ती म्हणते.

"माहीत आहे," मी म्हणते. "तू बघ."