उशिरा पोचणारी दाद

सतीश गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे जपानात, फुनाबोरी स्टेशनबाहेर सायकलला कुलूप लावत होतो. त्याच्या बायकोचा, मुग्धाचा फोन. "ऑफिसात कोसळला रे... संपलं सगळं." पुढचं मला ऐकूच आलं नाही. काही आठवडे झाले, अजूनही तिथे सायकल लावताना मी आधी खिशातला फोन बंद करतो. वेडेपणा आहे, कळतं मला.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच कंपनीतून इथे आलो, एकाच इमारतीत राहिलो. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही आणि सतीशला दुसरं काही सुचत नसे. जपानात क्रिकेट दाखवतो कोण? आपलं भारतातलं ॲप उघडावं, तर पडद्यावर पाटी : 'हा सामना तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' एरवी ऑफिसात मान लववून बोलणारा हा सतीश-सान ती पाटी दिसली की भडकायचा. "इथले दाखवत नाहीत, तिथले बघू देत नाहीत! आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना! अरे, माझा प्रदेश कुठला हे ठरवणारे हे कोण?" आपण पुण्यातच बसलोय असं ॲपला भासवायचे उद्योगही त्याने करून पाहिले. जरा वेळ चालायचं, मग पुन्हा पाटी.

उपाय काढला नानांनी. नाना म्हणजे त्याचे वडील, पुण्यात एकटे राहणारे. टीव्हीसमोर पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि इकडे सतीश टॅब्लेट भाताच्या कुकरला टेकवून बसला. चित्र इतकं धूसर की चेंडू दिसायचाच नाही. पण टीव्हीचा पडदा क्षणभर काळा झाला की त्या काचेत खुर्चीतले नाना दिसायचे, नुसती आकृती. मला ते बघून कसंतरीच व्हायचं. चौकार गेला की नाना टीव्हीचा आवाज बंद करायचे, कारण सतीशचं "वाऽ नाना, वा!" पुण्याला जरा उशिराने पोचायचं. ते पोचलं की "आलं रे" म्हणून टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा. एकदा मी चिडवलं, "स्कोअर तर फोनवर दिसतो की. एवढा खटाटोप कशाला?" तो हसला नाही. "मोठ्या भूकंपाच्या दिवशी नानांना माझा फोन लागला नव्हता. टीव्हीवर त्सुनामीची ती लाट बघत बसले होते... तेव्हापासून मॅच हे निमित्त. त्यांना माझं ओरडणं ऐकायचं असतं."

सतीश गेला तेव्हा नाना येऊ शकले नाहीत. मुलाचं शेवटचं दर्शन त्यांनी डब्याला टेकवलेल्या त्याच फोनवर घेतलं.

तेराव्यानंतर एका शनिवारी दुपारी मी मुग्धाकडे गेलो होतो. कसोटी सुरू आहे हे मला ठाऊकही नव्हतं. कुकरशेजारचा टॅब्लेट वाजला. नाना! मुग्धाला रडू फुटलं. "तूच घे... मला नाही जमायचं." तिचं रडणं तिकडे जाऊ नये म्हणून मी कॉल घेतल्या घेतल्या आमचा माइक बंद केला. नानांनी हाक मारली नाही, काही विचारलं नाही. समोर धूसर हिरवं मैदान, समालोचन... मग चौकार. टीव्ही गप्प झाला. जाहिरातीआधी पडदा काळा पडला आणि काचेत नाना दिसले, पुढे झुकलेले, हात कानाशी. ते थांबले होते. मी माइककडे बोट नेलं. निदान मी तरी ओरडायला हवं होतं, म्हाताऱ्या माणसाने किती वाट बघायची! पण बोट तिथेच थांबलं.

"आलं रे," नाना समाधानाने म्हणाले. टीव्हीचा आवाज मोठा झाला.

मी माइक पुन्हा पाहिला. बंदच होता. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला नानांचा.

टॅब्लेट अजून कुकरलाच टेकवलेला असतो. मुग्धा त्याचं चार्जिंग उतरू देत नाही. नानांचा कॉल आला की आम्ही घेतो. परवा मी म्हटलं, माइक चालू करू या का, आपण दोन शब्द बोलू त्यांच्याशी. चौकार नुकताच गेला होता. मुग्धाने माझा हात धरला.

"थांब," ती म्हणाली. "आपला आवाज मध्ये नको."