परातीतलं पाणी आणि मधाच्या दोन बरण्या

शुक्रवारी दुपारी सिंगापुरातल्या सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली, तेव्हा मी मधाच्या दोन बरण्या पुसत होते. कितव्यांदा, ते विचारू नका...

आमच्या गार्डनिंग ग्रुपच्या मधमाश्यांच्या काही पेट्या क्रांजीला एका शेतावर आहेत. त्यातली एक मी सांभाळते. शनिवारी ग्रुपचं प्रदर्शन होतं आणि त्यात मधाची स्पर्धा. चवीचं नंतर, आधी बरणी बघतात. दोन्ही बरण्या जुळ्या हव्यात, मध झाकणापर्यंत भरलेला हवा, वर फेस नको, आत बुडबुडा नको, काचेवर बोटाचा ठसा नको. मुलगी बघायला येणारेसुद्धा इतकं निरखून बघत नसतील.

पण मला ते सगळं मनापासून करायचं होतं. नागपूरला मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे राहायच्या माझ्या पासवर 'डिपेन्डंट' लिहिलंय. माझा नवरा राहुल रॅफल्स प्लेसला ऑफिसला जातो. फ्लॅट त्याच्या नावावर, बिलं त्याच्या नावावर, टपालपेटीतली पत्रंसुद्धा त्याचीच... इथे आल्यापासून माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा कुठे दिसणार होतं, तर बरणीसमोर ठेवायच्या कार्डावर.

म्हणून आठवडाभर घरात नुसती धास्ती. आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून मध गाळला, फेस वर येऊ दिला, चमच्याने अलगद काढला. राहुलला ओट्याजवळ फिरकायची बंदी.

आणि मुंग्या आल्या! खिडकीतून ओट्यापर्यंत सरळ रांग. बरणीत एक जरी मुंगी सापडली तरी बरणी बाद. मग मी तेच केलं जे आमच्याकडे सगळे करतात. परातीत पाणी घातलं, मधे पालथा डबा ठेवला आणि त्यावर बरण्या. मुंग्या बसल्या काठावर. मी स्वतःवर भलतीच खूश.

तर बेल वाजली. दारात युनिफॉर्ममधल्या एक बाई, हातात टॉर्च. डेंग्यूची तपासणी. यंदा साथ किती आहे ते इथल्या मंडळींना सांगायला नको...

बाईंनी बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, बाथरूम बघितलं, कपडे वाळत घालायच्या बांबूंची भोकंसुद्धा बघितली. आणि मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला... डासांच्या साथीत मी ओट्यावर परातभर पाणी साठवून ठेवलं होतं!

आता दंड होणार. पत्र राहुलच्या नावाने येणार. ऑफिसात कळणार, त्याचा नोकरीचा पास जाणार, आणि आम्ही गाशा गुंडाळून नागपूरला. माझं मन काळजीला लागलं की असं सुसाट सुटतं.

मी घाईघाईने मुंग्या, मध, प्रदर्शन, सगळं एका दमात सांगितलं. परातीवर वाकून बाईंनी टॉर्च मारला आणि बराच वेळ पाणी बघितलं. अळ्या नव्हत्या. पाणी सकाळचंच होतं. तरी त्यांनी ते मला लगेच ओतून टाकायला लावलं आणि पुन्हा असं करायचं नाही, असं बजावलं.

मग कुतूहलाने असेल, त्यांनी टॉर्च बरणीमागे धरला. सगळा मध उजळला. आणि त्या उजेडात मला दिसला एक बारीकसा पांढरा धागा... आईच्या साडीचा. सकाळपासून पुसून, निरखूनही मला तो दिसला नव्हता. उद्या जजच्या टॉर्चमध्ये नक्की दिसला असता.

जाताना त्यांनी कागदावर लिहायला नाव विचारलं. मी सवयीने राहुलचं सांगितलं.

"सर नॉट होम, नेव्हर माइंड," त्या इथल्या खास इंग्रजीत म्हणाल्या. "यू होम, वॉट. युअर नेम लाह."

"सुजाता," मी म्हणाले. मग स्पेलिंगही सांगितलं.

त्या गेल्यावर धागा काढला, बरणी पुन्हा काठोकाठ भरली आणि बुडबुडे वर येईपर्यंत श्वास रोखून बसले. आता पाणी बंद, पण मुंग्या होत्याच. मग दोन्ही बरण्यांभोवती हळदीची जाडजूड रेघ ओढली. सकाळी बरण्या टॉवेलमध्ये गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन एमआरटीने प्रदर्शनाच्या हॉलवर पोचले. प्रत्येक स्टेशनला झाकणं चाचपत होते.

जज म्हणजे एक रिटायर्ड गोरे आजोबा. त्यांनी बरणीमागे टॉर्च धरला तेव्हा मीही मान लांब करून धागा शोधत होते. ते मान डोलवत राहिले... मग त्यांनी बरणी उचलून तळ बघितला. त्यांचा अंगठा पिवळाजर्द! आजोबांनी अंगठ्याचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि एक मार्क कापला.

दुसरा नंबर आला. पहिला त्या एका मार्काने हुकला. घरी आल्यावर तासभर मी हळदीला बोल लावत होते, खोटं कशाला सांगू...

हॉलमध्ये कार्ड पंख्याने उडू नये म्हणून मी त्याच्या खालच्या कडेवरच एक बरणी ठेवली होती. त्यामुळे माझ्या नावाखाली हळदीची एक अर्धी गोल खूण उमटली आहे. राहुल ती पुसायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे.

कार्ड आता फ्रिजवर लावलंय. येता-जाता नाव वाचते आणि बरं वाटतं. फक्त एक चुटपुट लागून राहिली आहे... त्या बाईंनी माझं नाव विचारलं, स्पेलिंगसकट लिहून घेतलं. मी मात्र त्यांचं विचारलंच नाही.