मायनं सोडलेली पालेभाजी

"तू कायमचा घरी येईस्तोवर हिरवं तोंडात घालायची न्हाय." मुरुमच्या मोटारस्टँडवर, तुळजापूरच्या दिशेला हात जोडून माय बोलली. मी टपावर ट्रंक चढवण्याच्या गडबडीत होतो. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि माझी कारकुनी मुंबईला गेली. गावात बदलीला अजून निजामाच्या वेळचं तबादलाच म्हणत.

आमच्याकडं बायका देवीच्या नावानं काहीतरी खायचं सोडतात. कुणी वांगं, कुणी गूळ. मायनं पालेभाजी सोडली, कारण तिला तीच सगळ्यात आवडायची. घोळ, तांदूळजा, अंबाडी, हरभऱ्याचा पाला; भाकरीसंगं रोज काहीतरी असायचंच. दूधतूप सणापुरतं. चार महिन्यांत हट्ट सुटेल, असं मला वाटलं. मोठा शहाणा मी!

इकडं खानावळीत रेशनचा पांढरा भात आणि पाण्यासारखी आमटी खाऊन माझं पोट बिघडलं होतं. परत बदली मागितली. साहेबांनी अर्ज तीनदा परत पाठवला. नोकरी सोडावी तर घरात मिळवता मी एकटाच, धाकटी वत्सला अजून शाळेत. जाता येईना, राहवेना. टेबलाशी बसून मी नुसता चरफडायचो.

तिसऱ्या वर्षी वत्सलाचं कार्ड आलं. 'दादा, दिवेलागणीला मायला दिसत नाही. भिंत चाचपडत चालते. काल चुलीत हात गेला.'

महिन्याची रजा काढून धावलो. तालुक्याचे डॉक्टर तपासून मायला म्हणाले, "रातांधळेपणा आहे, बाई. तुमच्या जेवणात पालेभाजी नाही, म्हणून हे झालंय. रोज खा. असंच चाललं तर दिवसाही दिसणार नाही."

घरी आल्यावर माय मला म्हणाली, "देवीला दिल्यालं मागं कसं घिऊ? तू कायमचा आलास का?"

भाजलेला हात तिनं पदराखाली धरला होता. मी म्हणालो, "व्हय. राजीनामा दिला."

तिनं लगेच परसातला तांदूळजा स्वतः खुडला, लसूण घालून परतला आणि दोन भाकरी खाल्ल्या. मला आनंदही झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. तिसऱ्या आठवड्यात तिनं न चाचपडता कोनाड्यातला दिवा लावला. त्याच आठवड्यात माझी रजा संपली. "दप्तर सोपवून आठ दिवसांत येतो," म्हणून मी निघालो.

त्याला आता चार वर्षं झाली. दप्तर अजून सोपवतोच आहे. दर महिन्याला कार्डावर लिहितो, 'येतोच'. हात थांबतो, पण लिहिलं नाही तर ती ताटातलं हिरवं बाजूला सारेल, म्हणून लिहितो. आपल्याच थापेत मी पुरता अडकलो आहे.

गेल्या दिवाळीत चार दिवस गेलो होतो. न राहवून खरं सांगायला तोंड उघडलं, तर मायनं ताटात अंबाडी वाढली.

"गप जेव. मला ठावं हाय सगळं. पर कार्डात तेवढं लिवत जा, म्हंजी मला खाया येतंय."

गाव सोडलेल्या गड्यांनो, तुमचं घर कुठं आहे ते तुम्ही जाणा. माझं एका शब्दावर उभं आहे. परवाच पुन्हा लिहिलं, 'येतोच'.