आत्तींनी सरांना घातलेला चष्मा

आमच्या गोठ्यातल्या मारक्या म्हशींना आत्तींच्या वैऱ्यांची नावं होती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. बांध कोरणारी जाऊ, दुधात खोट काढणारी डेअरीवाली, सगळ्या एका दावणीला. पहाटे धार काढताना त्या एकेकीला नाव घेऊन झाडायच्या. "माणसाला बोललं की भांडाण हुतंय. म्हसरं ऐकून घेत्यात," म्हणायच्या. विसरत मात्र काही नव्हत्या.

माझी ओवी तेव्हा चौथीत होती. जवळचं वाचताना तिचे दोन्ही डोळे एका जागी यायचे नाहीत, एका ओळीच्या दोन दिसायच्या. मग ती मान वाकडी करून एक डोळा मिटायची. गडमुडशिंगीत ती ज्या क्लासला जायची, तिथला सगळा अभ्यास फोनवर. पालकसभेत सरांनी तिला उभं करून फोनवरचं वाचायला लावलं. ती अडखळली. सर म्हणाले, "डोळे मिचकावण्यापेक्षा घरी शेणी थापायला लावा हिला." सगळे हसले. त्या दिवसापासून पोरीनं पुस्तक उघडणंच सोडलं.

माहेर-सासर मिळून मी पहिली पदवीधर. माझ्या पोरीला शेणी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ती म्हणाल्या, "थांब. आदी पोरीचं बघू. सर कुटं पळून जातोय?"

कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले आणि बजावलं, डोळ्याजवळचा छोटा पडदा नको. मोठा घ्या, लांब ठेवा, अक्षर मोठं करा, मध्ये मध्ये विसावा द्या. तरी कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदारानं टॅबच पुढं केला. "मावशी, समदी ह्योच न्हेत्यात." आत्ती टॅबकडं बघतच नव्हत्या. म्हैस घेताना कास बघावी तशा त्या ओवीचं तोंड निरखत होत्या. ओवीनं डोळा मिटला. "ठेव आत." लॅपटॉप आला, मान कलली. "ह्यो बी न्हाई." शेवटी मोठा मॉनिटर लावून ओवीला लांब बसवलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून ती वाचतच राहिली. "ह्यो बांध," आत्ती म्हणाल्या.

पुढच्या पालकसभेला त्या माझ्याबरोबर आल्या. कनवटीला सासऱ्यांचा जाड भिंगांचा चष्मा. "सर, जरा घाला की." म्हातारीचा मान म्हणून सरांनी घातला. आत्तींनी त्यांचाच फोन त्यांच्या नाकाशी धरला. "आता वाचा." सर अडखळले, मान वाकडी केली, एक डोळा मिटला.

"अक्षरं हलतायत हो आजी."

"व्हय? माझ्या नातीला रोज जड जातंय वाचाय. मग सर, कवा येताय शेणी थापाय? शेणाच्या पाट्या भरून ठिवल्यात!"

या वेळी हसणं जास्त मोठं झालं. मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी हसायची थांबले. त्याच आठवड्यात गोठ्यात आलेल्या म्हशीचं नाव 'सर' पडलं.

आत्ती गेल्या पावसाळ्यात गेल्या. शेवटच्या दुखण्यात सर भेटायला आले. "आजी, झालं गेलं विसरा." आत्तींनी ओवीकडं बोट केलं. "मला काय म्हणतोस? तिला म्हण." सर नुसते हसले, चहा पिऊन गेले. आत्ती मला म्हणाल्या, "बघितलीस न्हवं? सोडू नगंस."

ओवी आता रोज वाचते, भरपूर वाचते. मी बी.ए. आहे, क्षमेवरच्या निबंधाला कॉलेजात बक्षीस मिळवलेली. परवा बाजारात सरांनी मला हात जोडले, माफ करा म्हणाले. ओवी शेजारीच उभी होती. तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

हात जोडायला मी भाजीची पिशवी खाली ठेवली नाही.