विलासनं विचारणं थांबवलं तेव्हा

विलास गेल्याचं मला प्लँटच्या गेटवर कळलं. सकाळची वेळ, एमआयडीसीच्या रस्त्यावर नेहमीची दुचाकींची गर्दी, आणि त्याच्या मेव्हण्याचा फोन. "दाजींनी स्वतःला संपवलं," एवढंच तो बोलू शकला. कसं, ते मी इथं लिहिणार नाही. त्यानं कुणाचं भलं होणार नाही. याला आता सहा आठवडे झाले. तो राहायचा त्या मस्तगडातली माणसं अजून मला रस्त्यात अडवून विचारतात, "चांगला झाल्ता की तो, मंग असं काय झालं?" चांगला झाला असं आम्हालाही वाटलं होतं... म्हणून तर हे लिहायला बसलो.

एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं सतरा वर्षं एकाच टेबलाला बसलो. काम सांगायला सोपं. प्रत्येक लॉटमधलं बी मोजून ओल्या कागदात गुंडाळायचं, काही दिवस उबेत ठेवायचं, मग कागद उघडून किती उगवलं ते मोजायचं. कमी उगवलं तर लॉट बाद. विलास अंकुर एकदा मोजायचा, मग पुन्हा, मग दुसऱ्या टोकाकडून. झालं की माझ्याकडे वळायचा. "मिलिंद, बराबर हाय ना?" मी म्हणायचो, "बराबर हाय." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. साहेब लोक त्याच्यावर भलतेच खूश. कंपनीच्या कार्यक्रमात काटेकोर कर्मचारी म्हणून त्याला शाल दिली, टाळ्या वाजवल्या. मी तर त्याची टिंगल करायची एक संधी सोडली नाही. "लग्नात अंगावर पडलेल्या अक्षता मोजल्या होत्यास का रे?" असं चारचौघांत विचारायचो, आणि तो बिचारा हसायचाही. आजार होता तो, आणि आम्ही सगळे मिळून त्याचं कौतुक करत होतो.

एका रविवारी तो मला मोटरसायकलवर कुंभार पिंपळगावला घेऊन गेला. त्यानं पास केलेलं कपाशीचं बी तिथल्या दुकानात गेलं होतं. दुकानदाराकडून ते बी नेणाऱ्याचं नाव काढून आम्ही एका अनोळखी माणसाच्या शेतात जाऊन उभे राहिलो, आणि विलास बांधावरून रोपं मोजायला लागला. त्या भल्या माणसाला वाटलं, कंपनीचा सर्व्हे आहे. त्यानं चहा पाजला. "साहेब, बिलकुल मस्त उगवलं. एवढ्या उन्हात कहाला आले?" म्हणाला. परतताना अंबडच्या अलीकडे विलासनं गाडी बाजूला घेतली. "त्यो माणूस मला बरं वाटावं म्हणून तर बोलला नसंल ना? माझ्या हातून एक लॉट चुकला तर किती जणांची पेरणी वाया जाईल..." मी वैतागलो. "येडा झाला का तू?" तो खाली बघत म्हणाला, "त्याचंच तर भेव वाटून राह्यलं." त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी चेष्टा तिथंच संपली.

पुढच्याच आठवड्यात मी आणि त्याची बायको, सुनीता वहिनी, त्याला संभाजीनगरला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. हा मंत्रचळ आहे, तीच ती शंका पुन्हा पुन्हा घेण्याचा आजार, म्हणाल्या, आणि अशा माणसाला आतून नैराश्यही गाठतं. आम्हाला दोन गोष्टी बजावल्या. विलास विचारतील तेव्हा दरवेळी 'बरोबर आहे' म्हणू नका. आणि ते गप्प व्हायला लागले, जेवण-झोप कमी झाली, तर तारखेची वाट न बघता या. पहिली गोष्ट आम्ही अगदी इमानदारीनं पाळली. दुसरी डोक्यातून निघूनच गेली.

गोळ्यांचा आणि उपचारांचा गुण आला, हे सांगितलंच पाहिजे. चारेक महिन्यांत दिवसाला पन्नासदा येणारा प्रश्न दहावर आला. कँटीनमध्ये तो माझी चेष्टा करायला लागला. आणि मग एके दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा मोजायचा, आकडा लिहायचा, कागद पुढे सरकवायचा. मी अर्धा किलो पेढे आणून सगळ्यांना वाटले. विलासनं पेढा हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि कागदावर ठेवून दिला. "तू खूश हाईस ना, मंग बास," म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो पेढा तसाच पडून होता. शेवटी मीच खाल्ला.

त्याची भीती गेली नव्हती, तो थकला होता. बी उगवलं काय आणि कुजलं काय, त्याला सारखंच झालं होतं. डबा अर्धा परत न्यायचा. मी म्हटलं, उन्हाळा आहे. घरी गेला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनींना वाटलं, कामाचा शीण असेल. रात्री पुन्हा पुन्हा उठून तपासायचा ती दाराची कडी तो आता एकदाच लावतो, हे त्यांनी माहेरी फोन करून आनंदानं सांगितलं होतं. डॉक्टरांची तारीख आली तेव्हा हंगामाचं काम आमच्या डोक्यावर होतं. "जाऊ दे, तिथं जाऊन काय करू?" तो म्हणाला. "हाव ना, आता बराच झाला तू," मी म्हणालो. याची मला स्वतःची चीड येते, आणि ती जात नाही. पंधरा दिवसांनी तो गेला.

परवा मस्तगडला त्यांच्या घरी गेलो होतो. त्याच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा मोबाइल असतो, वहिनी तो बंद पडू देत नाहीत. आम्ही बोलत असतानाच तो वाजला. वहिनींनी दवाखान्याचं नाव वाचलं आणि तो माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुम्हीच बोला." दवाखान्यातली मुलगी होती. पेशंटची मागची तारीख चुकली, नवी देऊ का, म्हणत होती. मी मोबाइल कानाला धरून उभा राहिलो. तिला वाटलं मी डायरी बघतोय. "बरं, आता कसं वाटतं त्यांना?" तिनं सहज विचारलं. शेवटच्या दोन महिन्यांत हे आमच्यापैकी एकानंही त्याला विचारलं नव्हतं. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं हळूच फोन ठेवला. वहिनींनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि पुन्हा चार्जिंगला लावला.